आबांच्या ट्रकमधला रेडिओ

"जोडी बरी हाय न्हवं?" असं म्हणत आबा ट्रकच्या बॅटरीपेटीचं झाकण उघडायचे आणि आतल्या दोन्ही बॅटऱ्यांवर एकेकदा तळहात ठेवायचे. मग माझ्याकडे वळायचे. पलूसच्या रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं आधी मिस्त्रीची चौकशी करावी, बॅटरीची नंतर, अशी माझी साधी अपेक्षा. आबांनी ती कधी पुरी केली नाही.

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा माणूस, जो काम तुमच्याकडे आणतो आणि ते कसं करायचं हेही तुम्हालाच शिकवतो. आबा तसले. राहणारे कुंडलचे. जुनापुराणा ट्रक, त्यातून माण तालुक्यात मेंढरांसाठी कडबा पोचवायचे. शेजारच्या सीटवर त्यांची बायको; त्यांना आम्ही सगळे आजी म्हणायचो. क्लीनर त्यांनी कधी ठेवलाच नाही. डावीकडून गाडी येतेय का ते आजी बघायच्या आणि सांगायच्या, "आवं, मोकळं हाय. जाऊ द्या."

पुढं आजींना दिसेनासं झालं. डॉक्टरांनीही हात टेकले. "मी आता काय कामाची? मी न्हाई येत," म्हणून त्या घरी बसल्या. त्या नाहीत म्हटल्यावर आबा गाडी काढेनात. डावीकडं एक मोठा आरसा बसवून घेतला, तरी काढेनात. शेवटी त्यांनीच तोडगा शोधला. ट्रकमध्ये रेडिओ बसवायचा. गाण्याच्या नादानं तरी ही येईल, म्हणाले.

नवा रेडिओ चालतो बारा व्होल्टवर. जुन्या ट्रकला बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, म्हणजे चोवीस. थेट लावला तर रेडिओ जळणार. चोवीसाचे बारा करणारी एक डबी मध्ये लागते, आणि ती सांगलीहून यायला चार दिवस. मी म्हणालो, "डबी कशाला? एकाच बॅटरीवरनं वायर घेतो. समदी तसंच करत्यात."

"म्हंजे जोडीतल्या एकालाच राबवायचं व्हय?"

"आबा, बॅटरी हाय ती, बैल न्हाई."

"दमायचं तर दोगांनी सारकं दमावं, गड्या."

आणि मग कटकट सुरू. डॅशबोर्डला भोक पाडू देईनात. जुनी एक वायर तोडू देईनात. स्क्रू आवळला तरी "हळू रं!" माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. "भोक न पाडता रेडिओ काय दोरीनं टांगू?" मी ओरडलो. आबांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "टांगता येईल का रं?"

अखेर रेडिओ एका लाकडी खोक्यात घातला आणि खोकं पट्ट्यांनी डॅशबोर्डखाली अडकवलं. आबा चहाला गेले तेवढ्यात मी एका बॅटरीवरून वायर ओढली. रेडिओ गायला लागला. आबांनी ट्रक घरी नेला, आजी ऐकून हसल्या आणि दुसऱ्याच दिवशी खेपेला निघाल्या. मी म्हटलं, सुटलो.

दोन महिन्यांनी फोन आला. "मिस्त्री, तुझा बैल बसला."

मायणीच्या अलीकडं, भर उन्हात ट्रक बंद पडला होता. रेडिओला एकटी राबणारी बॅटरी, चार्जिंग पुरं न पडून, उपाशी मेली होती. टेंपोत दोन बॅटऱ्या टाकून मी निघालो. वाटेत दीड तास चरफडत होतो. राग आबांचा होता की माझा स्वतःचा, ते विचारू नका.

पोचलो तर रेडिओ मुका, आणि केबिनमध्ये आबा बोलत होते. "यस्टी गेली बघ. टपावर सायकल हाय. आता मेंढरं आल्यात, दोनशेक असतील. एक कोकरू मागं ऱ्हायलंय."

"गावली का त्याला आई?" आजींनी विचारलं.

मी दार वाजवलं. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दम धर वाईच. कोकरू पोचू दे."

डोक्यावर ऊन घेत मी कोकरू पोचायची वाट बघत उभा राहिलो. माझी मलाच लाज वाटली, हे कबूल करतो. त्याच आठवड्यात डबी आणून बसवली.

गेल्या वर्षी आजी गेल्या. महिन्याभरानं आबा ट्रक घेऊन एकटेच आले. बॅटरीपेटी उघडली नाही. म्हणाले, "रेडिओ काढ."

"एवढा माझा जीव खाऊन बसवून घेतला, आन् आता काढू?" सवयीनं माझ्या तोंडून गेलंच.

"लय बडबडतोय त्यो. मला हिचं ऐकू येत न्हाई."

मी रेडिओ काढला. जुनी एकही वायर तोडली नाही.

त्यानंतर आबा इकडं फिरकले नाहीत. ट्रक विकला म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढं येतं ते त्यांचं त्या दिवशीचं निघणं. रस्त्याला लागताना त्यांनी ट्रक थांबवला आणि मान डावीकडं वळवली. आरशात बघितलं नाही, रिकाम्या सीटकडं बघितलं. डावीकडून काहीच येत नव्हतं, मला दिसत होतं. तरी आबा थांबून राहिले. मग "बरं" म्हणाले आणि गिअर टाकला.