गड्ड्याच्या वाटेवरची नऊ फूट मोकळी जागा

दर डिसेंबरात या ब्लॉगवर कुणी ना कुणी विचारतंच, सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, बघायला कोणत्या दिवशी जावं? माझं उत्तर ठरलेलं आहे. भोगीला जा. संक्रांतीच्या दिवशी गर्दीत फक्त पुढच्याची टोपी दिसते. भोगीला मात्र सिद्धेश्वराच्या सात काठ्या, म्हणजे ते उंचच उंच नंदीध्वज, दिवसभर शहरभर फिरतात आणि त्यांच्या वाटेवर रांगोळ्या घातलेल्या असतात. तिकीट नाही, पास नाही, बसायला खुर्ची नाही. उभं राहायला जागा मिळाली की झालं. त्या दिवशी सोलापूरचा रस्ता हेच चित्रांचं प्रदर्शन आणि रस्ता हीच गाण्याची बैठक.

एवढं सांगून मी गप्प बसतो. माझी स्वतःची भोगी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, अकलूजजवळच्या एका साखर कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होतो, आणि चार महिन्यांपूर्वी, भादव्यात, माझी आई सोलापुरात गेली होती. वडील मी लहान असतानाच गेले. भाऊ नाही, बहीण नाही. वडिलांच्या मागे आईने बाळीवेशीच्या पलीकडे एका बोळात भाड्याने दोन खोल्या घेतल्या होत्या, त्यांना मी कुलूप लावून ठेवलं होतं.

गळीत हंगामात कारखान्यात रजा मागणं म्हणजे शिव्या खाणं. मी दोन रात्रपाळ्या अंगावर घेऊन एक दिवस मिळवला. कारण एकच होतं. आमच्या बोळातून काठ्या जायच्या आणि प्रत्येक घर आपापल्या दारापुढचा रस्ता रांगोळीने भरायचं. आमच्या वाट्याला नऊ फूट यायचे. शेजारीपाजारी गुलाल, निळा, पिवळा असे रंग ओतायचे. आई विधवा, ती रंगाला हात लावायची नाही. नुसत्या पांढऱ्या रांगोळीने ती एक वेल काढायची, उंबऱ्यापासून रस्त्याच्या मधोमध नेऊन परत उंबऱ्याशी आणायची, कुठेही न तोडता. गिरणीत दिवसभर सूत भरून आलेली बाई पहाटे तीनला उठून हे करायची. या वर्षी त्या जागेचं काय होणार, या एका विचाराने मला पंधरा दिवस झोप नव्हती. ती जागा भरलेली असेल, तर आईला कुणीतरी लक्षात ठेवलं. मोकळी असेल, तर त्या बोळाचं नि माझं नातं संपलं. असा माझा हिशेब होता, आणि मी तो कुणाला विचारून केलेला नव्हता.

पहाटे पाचची एसटी पकडली. टेंभुर्णीला गाडी बदलायची आणि मग पुणे रस्त्याने मोहोळमार्गे सोलापूर. थंडी अशी की खिडक्यांच्या फटीत लोकांनी वर्तमानपत्रं कोंबली होती. दुष्काळ नुकताच सरला होता, कडेला ज्वारी उभी होती, आणि ती बघून बसमधली म्हातारी माणसं उगाचच एकमेकांशी बोलत होती. माझ्याशेजारी टेंभुर्णीच्या बाजूचा एक धनगर पोरीच्या सासरी निघाला होता. मांडीवर तिळाच्या भाकरीचं गाठोडं.

"गड्ड्याला का?" त्याने विचारलं.

"हो."

"घरचं हाईत तितं?"

मी "आहेत की" म्हणालो. खोटं का बोललो कुणास ठाऊक. त्याने खूश होऊन मला अर्धी भाकरी दिली.

मोहोळला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथली भजी बरी असतात. मला मात्र काही गोड लागेना. नऊच्या सुमारास सोलापूर स्टँडवर उतरलो. टांगेवाले तोंडाला येईल ते भाडं सांगत होते, म्हणून चालत निघालो. तुम्हीही चालतच जा, कारण खरी मजा पायी जाण्यातच आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या बाराबंद्या घातलेले पुरुष दिसत होते, बायका वाकून रांगोळी ओढत होत्या, कुठे सनई, कुठे बँडवाले तोंड धुऊन वाद्यं पुसत बसलेले. एका कोपऱ्यावर हलगीवाले कागद पेटवून हलगीचं कातडं तापवत होते. थंडीत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. लहानपणी काठ्यांपुढे पळताना हलगी मध्येच बंद पडायची तेव्हा मला वाटायचं, तापवायला थांबले.

बोळात शिरलो. तेव्हा तो मातीचा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळी. मोर, कमळं, कलश, एकीने तर चक्क तळ्यातलं देऊळ काढलं होतं, पाण्यासकट. मी भिंतीला धरून, कडेकडेने, कुणाच्या रांगोळीवर पाय न देता आमच्या दाराशी आलो. आणि तिथे काही नव्हतं. डावीकडचा मोर आमच्या भिंतीच्या रेषेवर थांबला होता. उजवीकडचं कमळ दुसऱ्या रेषेवर थांबलं होतं. मधले नऊ फूट मोकळे.

मला मुस्काटात बसल्यासारखं झालं. जमीन झाडलेली होती, शेणसडाही घातलेला होता, हे मी पाहिलं. पण डोकं ठिकाणावर असतं तर त्याचा अर्थ लागला असता ना. मी तसाच मागे फिरलो, कोपऱ्यावरून चार मापटी पांढरी रांगोळी घेतली आणि पँट गुडघ्यापर्यंत वळवून उंबऱ्याशी बसलो.

बोळातल्या बायका बघत होत्या. एकीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मोरवाली दोन पावलं पुढे आली, तोंड उघडलं, आणि पदर तोंडाला लावून मागे सरली. मी मान वर केली नाही. बाप्या माणूस रांगोळी काढतो म्हणून हसत असतील, तर हसू देत. आईची चिमूट दोऱ्यासारखी पडायची, माझी कुठे जाड, कुठे फाटकी. वेल तीनदा तुटला. तरी दोन तासांत तो रस्त्याच्या मधोमध जाऊन परत आला. पाठ धरली होती, डोळ्यांत रांगोळी गेली होती, आणि मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, त्या सगळ्यांना धडा शिकवल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या गौरव्वा देवळातून परत आल्या. आईची वीस वर्षांची सोबतीण. घरात कानडी, बाहेर सोलापुरी मराठी. हातातलं ताट तसंच धरून त्या मोराच्या कडेला थांबल्या.

"वसंता, काय करायलास रे हे?"

"तुम्ही नाही केलंत ते," मी म्हणालो. "सगळा बोळ भरला. माझ्या आईचंच दार तेवढं सोडलं. चार महिन्यांत विसरलात तिला?"

त्या भिंतीकडेने पुढे आल्या. ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि खाली बसल्या.

"इसरलो म्हणून सोडलं व्हय? दुखवट्याच्या दारात वर्षभर रांगोळी न्हाय पडत, हे तुला कुणी सांगितलं न्हाय का रे?"

"नाही."

"पहाटं मीच सडा घातला हितं. काठ्यांच्या वाटंवरची रीत हाय की. मोकळी जागा दिसली की हलगी थांबती, बँड थांबतो, सगळी वाजंत्री थांबती. तेवढे नऊ फूट काठ्या मुकाट्यानं जात्यात. त्या घरच्या गेलेल्या माणसासाठी. काठ्यांपुढं चालणाऱ्या म्हाताऱ्याला मी परवाच सांगून ठिवलंय, की हे दार चुकवू नको म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लहानपणी हलगी थांबायची ती तापवायला नव्हे. काठ्यांपुढे पळणाऱ्या मला दारात उभं राहून ते बघायची कधी वेळच आली नव्हती.

"पुसतो," मी म्हणालो आणि हात घातला. त्यांनी मनगट धरलं.

"देवाच्या वाटंवरची रांगोळी हातानं पुसत न्हाईत. पावलांनीच जायला पायजे. तुजी पहिली चिमूट पडली तवाच ह्या बायका गप झाल्या."

"मग त्यांना सांगा ना, तरीही थांबा म्हणून."

"भरल्या दारात वाजंत्री बंद करायची म्हंजे त्या घरात मरण मागायचं. कोण करंल तसं? तुज्याच जिवावर?" त्यांचा आवाज चिरला. "मला इचारायचं तरी. तेरावा झाल्यावर गेलास ते एक कार्ड न्हाय. तू येशील असं कुणाला वाटलंच न्हाय बघ."

मी हात झटकून भिंतीशी जाऊन उभा राहिलो. 

साडेबाराला काठ्या आल्या. ते दृश्य शब्दांत सांगता येत नाही, प्रत्यक्ष बघा. कमरेच्या पट्ट्यात काठी रोवून एकच माणूस ती सरळ तोलतो, वर फुलं नि बाशिंग, सगळा बोळ "हर्र बोला हर्र" म्हणतो, आणि हलगी अशी कडाडते की छातीत धडधड होते. पुढे फेटा बांधलेला एक म्हातारा चालत होता. आमच्या दाराजवळ येताच त्याने हात वर केला. हलगीवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याची नजर खाली, वेलावर गेली. तो गोंधळला. त्याने गौरव्वांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

त्याने हात खाली घेतला. हलगी वाजतच राहिली.

सातही काठ्या वाजतगाजत आमच्या दारावरून गेल्या. वेल पहिल्या काठीलाच गेला. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला इतक्या माणसांत रडू आलं. कुणाला ऐकू गेलं नसणार, एवढा गजर होता.

मिरवणूक बोळाच्या टोकाशी पोहोचली आणि अचानक सगळं थांबलं. नुसत्या घुंगरांचा आणि अनवाणी पायांचा आवाज. कुणी खोकलं तेही इकडे ऐकू आलं.

"चहावाल्याचा बाप," गौरव्वा हळूच म्हणाल्या. "दिवाळीत गेला."

मग हलगी पुन्हा सुरू झाली.

गौरव्वांनी जेवायला वाढलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, शेंगांची चटणी, लोण्याचा गोळा. दुखवट्याच्या घरी सण नसतो, म्हणून शेजारी वाढतात, हेही तेव्हाच कळलं.  निघताना त्यांनी "येत जा" म्हटलं. मी "हो" म्हटलं. त्यानंतर मी त्या बोळात दोनदाच गेलो. एकदा खोल्या सोडायला, आणि एकदा त्या गेल्यावर.

चारची गाडी होती, म्हणून गड्ड्याच्या मैदानातून गेलो. पाळणे, भजी, चुरमुऱ्यांचे ढीग, पडद्यावरच्या चंद्राशेजारी बसून फोटो काढून घेणारी नवी जोडपी. एकट्या माणसाने त्या मैदानात जाऊ नये, हा माझा प्रामाणिक सल्ला. दुसऱ्या दिवशी पाळीवर सोबत्याने विचारलं, "कसा झाला गड्डा?" मी "झकास" म्हणालो आणि रसाचे नमुने तपासायला घेतले. चरक चोवीस तास चालू असायचा, हंगाम संपेपर्यंत तिथे शांतता नावाची गोष्ट नव्हती.

पुढे खूपदा भोगीला सोलापूरला गेलो, पण दुसऱ्या रस्त्यांवर, पाहुण्यासारखा. तुम्ही गेलात तर एक करा. रांगोळ्यांच्या मध्ये एखादी झाडलेली, सारवलेली मोकळी जागा दिसली, तर ती रिकामी राहिलीय असं समजू नका, आणि कुणाला काही म्हणू नका. बाजूला उभे राहा.

आईसाठी तो सगळा बोळ एकदाच गप्प होणार होता. वर्ष सरल्यावर ती रीत लागू पडत नाही, दुसरी संधी नसते. आजही कुठल्या दारापुढे हलगी थांबली की सगळे माना खाली घालतात. मीही घालतो. पण खरं सांगतो, मला त्या क्षणी दुःख होत नाही. त्या घरच्या माणसाचा हेवा वाटतो.