माझ्यासाठी हटवा

मला टाइप करता येत न्हाई आसं न्हाई, येतंय, पण एकेक अक्षर हुडकत बसावं लागतंय अन् तवर समोरचं माणूस ऑफलाइन होऊन जातंय, म्हणून मी बोलूनच पाठवायचे, माइकचं बटन दाबून. ते शिकवलं शेजारच्या आपानं. आमच्या भिंतीला तिची भिंत, साड्यांना फॉल-पिको करते, दिवसभर मशीन घरघर करतंय अन् तोंड त्याच्यापेक्षा जास्त. तिनंच मला त्या नोकरीच्या ग्रुपमधी टाकलं. म्हणली, "रोती क्या बैठी, मेसेज डाल. दहा जणांना टाक, एक तर बोलंल."

मला काम पायजेच व्हतं अन् लवकर पायजे व्हतं, ते कामून ते सांगते. माझी लेक अडीच वर्षाची. तिचे पप्पा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला गेले, आधी रोज फोन यायचा, मंग आठ दिसाला, मंग नंबरच बंद. सासू-सासरे मुखेडकडं खेड्यात, त्यांचंच त्यांना होईना. मी नांदेडला भावाच्या घरी आले लेक घेऊन, दोन खोल्या, वहिनी, त्यांची दोन पोरं. माझी नणंद लातूरला दिलेली, घर चांगलं, नवऱ्याचं दुकान, पण लग्नाला नऊ वर्षं झाली, मूलबाळ न्हाई. तिनं माझ्या भावाला फोन करून सांगितलं, पोरगी आमच्याकडं ठेवा, आमी इंग्लिश मिडीयमला घालतो, हिला काय जमणार हाय. अन् भाऊ न्हाई म्हणला न्हाई. भाऊ म्हणला, दिवाळीपर्यंत बगू. म्हणजे दिवाळीपर्यंत काम लागलं तर लेक माझ्यापशी, न्हाई तर लेक लातूरला. तोंडानं कुणी आसं म्हणलं न्हाई पण घरात सगळ्यांना ते ठावं व्हतं, वहिनी तर पोरीचे कपडे धुताना म्हणायची, "आता थोडेच दिवस."

मी नववी शिकले, दहावीला बसले अन् गणितात गेले, मंग लग्न. मला काय माहीत एचआर म्हणजे काय. ग्रुपमधी लिहिलेलं आसायचं, एचआर मॅडमशी संपर्क करा. कपड्याच्या दुकानाच्या खाली तेच, दवाखान्याच्या खाली तेच, मॉलच्या खाली तेच. मला वाटलं हे एकाच बाईचं नाव हाय, सगळीकडं तीच. मी दवाखान्यावालीला म्हणलं, मॅडम, काल तुमी कपड्याच्या दुकानासाठी न्हाई म्हणला, आज तरी घ्या. तिनं प्रश्नाचं चिन्ह पाठवलं, तीन. आपाला सांगितलं तर ती हसून हसून मशीनवरून सुई काढून बसली, म्हणली, आता बोटात घुसंल.

सीव्ही पाठवा म्हणले तर मी शाळा सोडल्याचा दाखला पाठवला, फोटो काढून, त्याच्यावर लेकीच्या बोटाचं तेल लागलेलं. एक सर म्हणले, साइड फोटो पाठवा, फुल. मी इचारलं कामून, तर म्हणले पर्सनॅलिटी बगायची हाय. मी त्याला ब्लॉक केलं अन् मंग चार दिवस भ्या वाटत व्हतं की त्यो घरला तर येणार न्हाई. दाखल्यावर गावाचं नाव व्हतं ना. फोन वाजला की आधी दाराची कडी बगायचे, अन् न वाजला तरी बगायचे.

मंग लातूरच्या एका नव्या दुकानाची मॅडम बोलली. मोठं दुकान, किराणा, कपडे, भांडी, सगळं एकात. बिलिंगला न्हाई तर माल लावायला बाया पायजे व्हत्या, राहायला दुकानाच्या खोल्या बी व्हत्या. लातूर म्हणलं की नणंदच आठवली, पण आपा म्हणली, शहर काय तुझ्या नणंदेच्या बापाचं हाय का. हाय की, म्हणलं, तिच्या बापाचं न्हाई पण नवऱ्याचं दुकान तर हाय. तरी मी व्हॉइस पाठवला. सगळं नीट बोलले, आपानं शिकवलं तसं, मला अनुभव न्हाई पण मी मेहनती हाय, बारा तास उभी राहू शकते. मॅडमनं लगेच लिहून इचारलं. मागं लहान मूल रडतंय, ते कुणाचं?

मी एका हातानं पोरीला गप करत व्हते, तिला भूक लागलेली, माझ्या पदराला धरून "माय, माय" करूलाली. अन् मी बटन दाबलं अन् म्हणलं, "ते न्हवं का, नणंदेची हाय मॅडम. माझी न्हाई."

कुठून आलं तोंडात, मलाच कळलं न्हाई. दुनियेत इतके लोक आसताना, शेजारणीची म्हणता आलं आसतं, वहिनीची म्हणता आलं आसतं. नणंदेची म्हणलं.

दोन निळ्या बरोबरच्या खुणा झाल्या. ऐकलं तिनं. मॅडमनं लिहिलं, ओके, लहान मूल असलेल्यांना आम्ही घेत नाही म्हणून विचारलं, मंगळवारी या.

मी पोरीकडं बगितलं. ती माझ्याकडंच बगत व्हती, रडायची थांबली व्हती. तिला काय कळतंय, पण मला वाटलं कळलं. आमच्याकडं जिची लेकरं जगत न्हाईत ती बाई नव्या लेकराला सुपात घालून शेजारणीला इकते, पसाभर जवारी घेते अन् म्हणते, हे आता तुझं, म्हणजे नजर लागत न्हाई. माझ्या मायनं माझ्या थोरल्या भावाला तसंच इकलं व्हतं. पण ते इकलेलं माघारी आणतेत. अन् मी तर इकलं बी न्हाई, फुकटच देऊन टाकलं.

मंग मला भ्या वाटायला लागलं की ह्यो आवाज त्या फोनमधी राहणार. उद्या नणंद म्हणली की हिनं सोताच कबूल केलंय, तर? कोर्टात आसलंच दाखवतेत म्हणं, मोबाइलचं. मी त्या व्हॉइसवर बोट दाबून धरलं, पुसायचं आलं, त्याच्यात ओळी आल्या, सर्वांसाठी हटवा, माझ्यासाठी हटवा. मला वाटलं, सर्वांसाठी म्हणजे सगळ्यांचेच मेसेज जातील, ग्रुपच जाईल. माझ्यासाठी हटवा म्हणजे माझ्यापायी हटवा, माझ्या भल्यासाठी. हात जोडल्यासारखंच वाटलं मला ते वाक्य. मी तेच दाबलं. गेलं. मला इतकं हलकं वाटलं की पोरीला उचलून आपाकडं पळत गेले.

आपानं फोन हातात घेतला अन् डोक्याला हात लावला. "अरे माँ, ये क्या करी तू. तुझ्या फोनमधून गेलं. तिच्या फोनमधी हायच. आता तुला पुसता बी येत न्हाई."

"मंग माझ्यासाठी म्हणजे काय?"

"म्हणजे तुला दिसणार न्हाई. बाकी समद्यांना दिसंल."

मंगळवारी मी पोरीला घेऊन एसटीनं निघाले. ठेवू कुठं? वहिनी म्हणली, "माझी दोन मला बस हायत." आपाची नणंद बाळंत झालेली, आपा तिच्यापशी दवाखान्यात. म्हणलं, लातूरच्या स्टँडवर कुणी म्हातारी बगून दोन घंटे बसवते तिच्यापशी, मंग सोतालाच म्हणलं, येडी झालीस का. गाडीत सगळ्या रस्त्यानं मी तिला शिकवत व्हते, तिथं गेल्यावर मला माय म्हणू नको, मामी म्हण. ती म्हणायची, "माय मामी." मागच्या सीटवरची बाई हसली. मला हसू आलं न्हाई.

लातूरच्या स्टँडवर उतरले तर समोर नणंद उभी. वहिनीनं परस्पर फोन केलता. हातात पिशवी, पिशवीत पिवळा फ्रॉक, बिस्किटाचा पुडा, स्टीलची लहान बाटली, आधीच भरलेली.

"काय करूलालीस ग, सांगायचं न्हाई का येताना? मी काय परकी हाय?"

"न्हाई ताई, तुमाला तकलीफ कामून म्हणून."

"दे इकडं तिला. तू जा निवांत."

पोरगी गेली बी तिच्याकडं. हात पसरून गेली. बिस्किटाला गेली आसंल, पण गेली. मी म्हणलं, संगंच नेते मी, तर नणंद म्हणली, "कामाचं इचाराया जाताना लेकरू नेतेत का कुणी? माझ्यापशी काय वाघ बसलाय? बरं चल, मी बी येते, बाहेर थांबते." मला न्हाई म्हणता आलं न्हाई. ॲटोमधी तिच्या मांडीवर पोरगी, तिचा हात पोरीच्या पोटावर, अन् मी कडंला बसून एकच मागत व्हते, देवा, मॅडमनं काय इचारू नये.

दुकान अजून सुरू व्हायचं व्हतं, रंगाचा वास, फरशीवर खोके. मॅडम माझ्यायेवढीच निघाली, पोरगीच, गळ्यात ओळखपत्र, डोळ्याखाली काळं. चांगली बोलली. बेरीज इचारली, ती आली मला. उभं राहशील ना, म्हणली, राहीन म्हणलं. दोन मिन्टात झालं. म्हणली, परवापासून या, खोली बगून घ्या. मला इश्वासच बसंना. मी उठले, ती बी मला दाराकडं घेऊन आली, खोली दाखवायला, अन् बाहेर खोक्यावर नणंद बसलेली, मांडीवर पोरगी, तिला पिवळा फ्रॉक घातलेला व्हता तवर.

मॅडम हसली. माझ्याकडं न बगता नणंदेला म्हणली, "ही का ती व्हॉइसमधली? तुमचीच ना मुलगी?"

नणंदेनं माझ्याकडं बगितलं. मंग म्हणली, "हाव. माझीच हाय."

अन् तोंड आसं खुललं तिचं. मी तिला, त्या घरात लग्न होऊन आल्यापासून, आसं कधी बगितलं न्हाई. पोरीला तिनं छातीशी धरलं अन् पोरगी गप, बिस्किट चघळत.

काम लागलं व्हतं. मला गप राहायचं व्हतं बास, एक शब्द न बोलता. खोली बगायची, परवा यायचं, अन् भावाला सांगायचं की लागलं काम. पण मंग लेक कुठं ठेवणार व्हते मी? दुकानाच्या खोलीत न्हाई चालत. नणंदेकडंच. ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आधी कळलंच न्हाई, इतके दिवस मी काम काम करत व्हते. काम लागून बी लेक तिकडंच जात व्हती.

मी म्हणलं, "न्हाई मॅडम. माझी हाय. मी खोटं बोलले."

मॅडमचं हसू गेलं. रागावली न्हाई. म्हणली, "ताई, मग कशाला सांगितलंत आत्ता? मी विचारलं नसतं पुन्हा." मंग म्हणली, कळवते. कळवते म्हणजे काय ते मला आता ठावं झालं व्हतं.

रस्त्यावर आल्यावर नणंद म्हणली, "मी तुझ्या कामासाठी म्हणलं ग तसं. मला वाटलं तूच सांगून ठेवलंस आसं, म्हणून साथ दिली." मी म्हणलं, व्हय ताई. तिनं स्टँडपर्यंत सोडलं. पोरीला माझ्याकडं देताना तिनं आपले हात आधी सोडले न्हाईत, पोरीनंच वळवळ केली. फ्रॉक राहू दे अंगावर, म्हणली. तिनं माझ्या कामासाठी म्हणलं का सोतासाठी म्हणलं, ते मला आजवर कळलं न्हाई, अन् तिला तरी कळलं का, देव जाणे. पण तिचा फोन आला की मी आजून आधी पोरीला मांडीवर घेते.

घरी वहिनी म्हणली, "हातातलं घालवून आली शाहणी." भावानं भाकरी मोडली अन् भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बगितलं. दिवाळीला महिना राहिला व्हता.

मी परत मेसेज टाकायला लागले. आता मी आधीच सांगते, नाव सांगायच्या आधी, की मला अडीच वर्षाची मुलगी हाय, माझी सोताची हाय, ती संगं राहणार. आपा म्हणते, "ये क्या इश्तिहार है, पैले काम तो माँग." निळ्या खुणा होतेत अन् पुढं काय येत न्हाई. कुणी अंगठा पाठवतंय. एक जण म्हणला, मुलगी सांभाळायला कोण हाय? मी म्हणलं, मी हाय ना. त्यानं ते ऐकून सोडून दिलं.

परवाच्या दिशी अर्धापूरकडच्या एका केळीच्या पॅकिंगवाल्याला टाकलं, तिथं केळी धुवून खोक्यात भरायला बाया पायजे म्हणून ग्रुपवर आलतं. त्यो बी माझ्यासारखाच, लिहीत न्हाई, बोलूनच पाठवतो. सकाळी टमटम नाक्यावर येते, जेवणाचा डबा आपला, हंगाम हाय तवर काम, पुढचं पुढं, म्हणला. हंगाम संपल्यावर काय, हे मला त्यानं सांगितलं न्हाई अन् मी इचारलं न्हाई. पण त्याच्या व्हॉइसमधी मागं पाण्याचा आवाज व्हता, बायांचं बोलणं, अन् त्याच्यात एक लेकरू रडत व्हतं, चांगलं गळा काढून. मी तीनदा ऐकलं. मंग बटन दाबून इचारलं, "दादा, ते मागं रडतंय ते लेकरू कुणाचं हाय?"

त्याचा लगेच आला. "इथल्या बाईचंच हाय की. कामून?"

"कामून न्हाई," म्हणलं. "सकाळी किती वाजता येऊ?"