आमच्या जहाजाचा देश

तो देश इतका लहान आहे की नकाशात त्याचं नाव शेजारच्या समुद्रात छापतात. अशा देशाच्या संसदेने तीन आठवडे माझी झोप उडवली होती. कारण एकच. माझा धाकटा भाऊ त्या देशाच्या झेंड्याखाली चालणाऱ्या जहाजावर कुक होता आणि ते जहाज मी राहते त्या अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभं होतं. आमच्या गच्चीवरून समुद्रात पंधरा-वीस जहाजं दिसायची. त्यातलं त्याचं कुठलं, हे शोधायला मी दिवसातून दहादा वर जायचे.

आखातात तणाव होता. त्या देशाचे मोठे मित्रदेश व्यापारी जहाजांच्या राखणीला आपलं आरमार पाठवत होते आणि यांनीही सोबत यावं म्हणून मागे लागले होते. जायचं की अंग काढून घ्यायचं, यावर तिथे वाद चालू होता. संसद हो म्हणाली तर कंपनी जहाज आरमारासोबत होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आखातात नेणार होती. नाही म्हणाली तर ते इथूनच मागे फिरणार होतं.

अशा ठिकाणी जायला खलाशाला नकार देता येतो. एक फॉर्म असतो, त्यावर सही केली की कंपनी घरी पाठवते. मी शिपिंग एजंटच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे हे फॉर्म माझ्याच हातून जातात. भावालाही मी तो पाठवला होता. पण पठ्ठ्याने सही केली नव्हती.

"आपा, एकदा नकार दिला की मुंबईचा भरतीचा एजंट पुढच्या वेळी फोनच उचलत नाही," तो म्हणायचा. "त्यांची पार्लमेंट नाही म्हणाली की खलास, आपोआप सुटलो. मी कशाला वाईट होऊ?"

"आणि हो म्हणाली तर?"

"तर ते लोक आमची काळजी घेतील, इन्शाल्ला. झेंडा त्यांचा आहे ना!"

या झेंड्याने आमच्या घराला वेड लावलं होतं. जहाजावरून उतरवलेला, कडा विरलेला एक जुना झेंडा त्याने रत्नागिरीला नेला होता. अम्मीने तो धुऊन, इस्त्री करून शोकेसच्या काचेमागे ठेवला. आल्यागेल्याला ती सांगते, माझा मुलगा यांच्या जहाजावर आहे, हे लोक माणसाला फार जपतात. हे तिला कुणी सांगितलं? मीच. काडीची माहिती नसताना, केवळ तिचा जीव भांड्यात पडावा म्हणून.

मतदान होतं त्या दिवशी मी दुपारीच घरी आले. मुलीने शाळेचा युनिफॉर्मही न बदलता लॅपटॉपवर थेट प्रक्षेपण लावून दिलं. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण खाली इंग्रजी अक्षरं सरकत होती. माझं बूड एका जागी टिकेना. भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली, मध्येच गच्चीवर जाऊन आले.

"मम्मी, सिट डाउन ना. यू आर मेकिंग मी नर्व्हस," मुलगी ओरडली.

एकजण म्हणाला, आपल्यासारख्या छोट्या देशाकडे मित्रांशिवाय आहे काय, आज आपण गेलो नाही तर उद्या आपल्यासाठी कोण येईल? दुसरा म्हणाला, भांडण त्यांचं, आपली मान त्यात कशाला अडकवायची? मला दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळे जास्तच संताप येत होता. निम्मी बाकं रिकामी होती. मागे एकजण हाताआड तोंड करून काहीतरी चघळत होता. त्याला बघून माझं डोकं फिरलं.

मग अम्मीच्या वयाची एक बाई उभी राहिली. तिने विचारलं, "त्या जहाजांवर माणसं कोण आहेत? त्यांचा विचार कुणी केलाय?"

मी साबणाच्या हातांनीच धावत आले. पडद्यातून हात घालून तिला मिठी मारावीशी वाटली.

मंत्र्याने समोरचा कागद उलटला. "मी चौकशी केली आहे," तो म्हणाला. "त्या भागातल्या आपल्या जहाजांवर आपला एकही नागरिक नाही."

सभागृह सैल झालं. लोक खुर्चीत मागे टेकले. त्या बाईनेही समाधानाने मान हलवली आणि ती खाली बसली. मंत्र्याच्या बोलण्यापेक्षा तिची ती मान मला जास्त लागली. थोड्या वेळाने मतदान झालं. आरमारासोबत जायचा ठराव पास झाला.

"बट मामू इज देअर," मुलगी म्हणाली.

मंत्री खोटं बोलला नव्हता. त्या जहाजाच्या खलाशांची यादी मीच टाइप केली होती. एकवीस माणसं, पाच देश, आणि त्यात झेंड्याचा देश नव्हता. तीन आठवडे ती यादी माझ्या टेबलावर होती.

भावाचा फोन आला. "काय झालं?"

"पास झालं."

"आमच्याबद्दल कुणी काही बोललं का?"

त्याच्या आवाजात इतकी आशा होती की मला रडू फुटलं. खोटं सांगता आलं असतं. पण त्याच खोट्याने आम्ही इथवर आलो होतो. मी त्याला शब्दन्‌शब्द सांगितला. पलीकडे त्याने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"फॉर्म परत पाठव," तो म्हणाला. "पहिला मी फाडलाय."

तिसऱ्या दिवशी तो लाँचमधून धक्क्यावर उतरला. बराच वाळला होता. मी त्याची बॅग गाडीत टाकली. पहिल्या सिग्नलला त्याने विचारलं,

"माझ्या जागी कोण गेलं गं?"

त्याची जागा घेणाऱ्याचे कागद सकाळी मीच तयार केले होते. फिलिपिन्सचा, सव्वीस वर्षांचा. जवळच्या नातेवाईकाच्या रकान्यात बहिणीचं नाव होतं.

"आहे कुणीतरी," मी म्हटलं. "आपल्यातलं कुणी नाही."

त्याने मान हलवली आणि सीटवर मागे टेकून बसला.