सुरयाची अंडी आणि करडी मांजर

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी इंद्रायणीतल्या खडकावर नदी सुरय पक्ष्याने घातलेली तिन्ही अंडी नाहीशी झालेली आढळली. देहूच्या खालच्या अंगाला या पक्ष्याची तेवढी एकच जोडी उरली होती. काठावरच्या आमच्या पिंजऱ्यात एक करडी मांजर होती.

आम्ही चौघे स्वयंसेवक. पाणी ओसरून खडक काठाला जोडला गेल्यापासून मांजरं पकडायला सुक्या बोंबलाचं आमिष लावून पिंजरे ठेवत होतो. सापडलेलं मांजर राजगुरुनगरच्या पुढच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात पाठवायचं असं ठरलं होतं. हिलाही टेम्पोने पाठवलं.

टेम्पो गेल्यावर काठावर राहणाऱ्या आजी आल्या.

"माझी मनी कुठं हाय?"

"आजी, तिनं अंडी खाल्ली," आमच्यातला चाकणच्या कंपनीत काम करणारा म्हणाला.

"तू बघितलंस व्हय? ताटातली भाकर इचारल्याबिगर खात न्हाई ती. परत आण."

 

दुपारी झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पाहिलं. मांजर उजाडण्याआधीच पिंजऱ्यात अडकली होती. तेव्हा अंडी जागेवर होती. ऊन आल्यावर कावळे उतरले. सुरयांची जोडी त्यांच्यावर झेपावत राहिली, पण ते हटले नाहीत. एकेक अंडं गेलं.

कावळे आधी खडकाच्या पायथ्याशी काहीतरी टिपताना दिसत होते. ते शिळे बोंबील होते. पिंजऱ्यातलं आमिष रोज बदलावं लागे आणि ते काम फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या चाकणवाल्याकडे होतं. जुने तुकडे तो तिथंच टाकून कंपनीची बस पकडायचा.

"घरी न्यायचे ना, राव," एकजण म्हणाला.

"बोंबील घेऊन बसमध्ये चढलो असतो, तर अर्धी बस मोशीलाच उतरली असती, भावा."

कोणी हसलं नाही. मांजर परत मागायला त्याने स्वतःच निवाऱ्याला फोन लावला. पिंजरा धुताना मांजर निसटली, असं तिकडून सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली. आम्ही आजींना गाडीत घालून तिकडे नेलं. कुंपणाबाहेरच्या उसाच्या कडेने त्या हाका मारत फिरल्या. उसातून दोन मांजरं बाहेर आली. त्यांत करडी नव्हती.