अंतराळापायी थांबलेली कटौती

बाबांच्या तत्त्वांचा मला आजही राग येतो. वीज खात्यातून ते रिटायर झाले होते, आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात त्या वर्षांत वेळापत्रक असायचं ते लाईट जाण्याचं. कटौती म्हणायचो आम्ही. संध्याकाळी सातला गेलेली लाईट जेवणं आटोपली तरी यायची नाही. आईला दमा. डॉक्टरांनी दिलेलं वाफेचं मशीन विजेवर चालायचं, आणि तिला दम लागायचा तो नेमका तिन्हीसांजेला. मग ती पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसायची आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालत राहायचे.

"बाबा, सबस्टेशनवर तुमच्याच हाताखाली शिकलेला माणूस आहे. एक फोन करा ना. आईचं मशीन होईपर्यंत आपली लाईन राहू दे म्हणावं."

"नोकरीत कधी वशिला लावला नाही, तो आता लावू? मोहल्ल्यात काय आपलंच एक घर आहे?"

आई धापा टाकत त्यांचीच बाजू घ्यायची. "राहू दे वो बाई. त्याईले नको तरास देऊ."

कपाळ माझं!

असे हे बाबा अंतराळाचं नाव निघालं की लहान पोर व्हायचे. अमेरिकेत कोणा धनाढ्य माणसानं स्वतःच्या खर्चानं यान बांधलं होतं. ती बातमी त्यांनी चहाच्या वेळी इतक्यांदा वाचून दाखवली की मला पाठ झाली. "सरकारचा एक पैसा नाही त्यात!" जणू यांनीच वाचवला होता.

"एवढा पैसा आहे तर खाली काही करावं की," मी म्हणायचे. "इथे माणसाला धड श्वास घेता येत नाही, आणि हे वर हुंदडायला चाललेत."

"त्याचा पैसा, त्याची हौस. तुझ्या आईच्या तोंडचा घास काढला का त्यानं? सगळे दुखणेकरी बरे होईपर्यंत थांबायचं म्हटलं असतं ना, तर माणूस अजून गुहेतच बसला असता."

मी चहाचे कप उचलून आत नेऊन आपटायचे.

जूनमध्ये ते यान उडालं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ असणार आणि टीव्हीवर दाखवणार, हे बाबांनी पेपरातून हेरून ठेवलं होतं. त्या दुपारी मी ओसरीत तांदूळ पाखडत होते. आत बाबा फोनवर बोलताना ऐकू आले.

"हाँ भाई, एक काम था. आज शाम को हमारी लाइन मत काटना. नहीं नहीं, घर में सब ठीक है. वो अमेरिका का यान उड़ रहा है न, वो देखना है."

घर में सब ठीक है! माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तत्त्व कुठे गेलं, वशिला कुठे गेला, मोहल्ला कुठे गेला? तोंडावर विचारायचं होतं. पण लाईट राहणार होती, आणि मला आईसाठी ती हवी होती. पुन्हा तांदूळ पाखडू लागले.

सात वाजून गेले, लाईट गेली नाही. शेजारचे अंगणात येऊन एकमेकांना विचारू लागले, आज झालं काय? बाबा टीव्हीपुढे सरसावून बसले. मी आतल्या खोलीत आईच्या तोंडावर मास्क लावला. कित्येक दिवसांनी तिचं औषध एका दमात संपलं. चेहरा निवळला. आपल्या पायांनी चालत ती बाहेर आली आणि बाबांच्या मागे दाराशी बसली.

टीव्हीवर यान उतरलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते. बाबांचे डोळे भरून आले. "पाहिलंस? साध्या माणसांनी केलं हे! आता कोणीही जाईल वर."

टोमणा मारणं आईला जन्मात जमलं नाही, तेव्हाही तिनं तो मारला नाही. अगदी भाबडेपणानं तिनं विचारलं, "हे रोज काहून नाही उडत जी?"

बाबांनी मान फिरवून टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी सातला लाईट गेली. आई पलंगाच्या काठावर हात टेकून बसली. मी फोन वायरसकट उचलला आणि बाबांच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्यांनी रिसीव्हर हातात घेतला, खरंच घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण आज काय कारण सांगू त्याला?"