टाकीचं पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बोम्मसंद्र्याजवळच्या एका गल्लीतून पाण्याचा नमुना घेतला गेला. नोंद बोअरवेलचा म्हणून झाली. तो बोअरवेलचा नव्हता. हे तिथे दोघांनाच माहीत होतं – अक्कांना आणि मला. त्यातला माझा भाग मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. घरीही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या क्रोमियमने शेजारचं भूजल बिघडलं होतं. त्याऐवजी काय, याचा विचार शहर करत होतं – नदीचं पाणी पाइपलाइनने आणायचं, बोअरवरच शुद्धीकरणाची यंत्रं बसवायची, की टँकर चालू ठेवायचे. पाइपलाइन सगळीकडे एकदम जाणार नव्हती. जिथलं पाणी जास्त वाईट, तिथे आधी. म्हणून प्रत्येक गल्लीतून एक नमुना. मी इंग्रजी दैनिकाचा बातमीदार. नमुने घेणाऱ्या इंजिनियरबरोबर फिरत होतो.

अक्का त्या गल्लीतल्या जुन्या मराठी घरातल्या, कितीतरी पिढ्या या कन्नड मुलखातल्याच. माझं मराठी ऐकून हसल्या. "तुम्ही बोलता ते बातम्या वाचल्यागत वाटतंय की, अण्णा." त्यांच्या अंगणातल्या नळाला दोन पाइप जोडलेले होते – एक बोअरचा, एक गच्चीवरच्या टाकीचा. कॉक फिरवला की पाणी बदलतं. इंजिनियरने पद्धतीप्रमाणे आधी पाणी बराच वेळ वाहू दिलं, बाटली त्याच पाण्याने विसळली, भरली, झाकण घट्ट केलं. त्याचं काहीही चुकलं नाही.

मग अक्का माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बोअरचं वास मारतंय हो. दारात आलेल्या माणसांच्या हातात ते कसं घालायचं? मी टाकीचं सोडलंय, काल लॉरीनं टाकलेलं. सांगू का त्यांना?"

लॉरी म्हणजे टँकर.

"राहू द्या अक्का," मी म्हणालो. "चालतं."

इंजिनियरला मराठी येत नव्हतं. काय म्हणतायत, असं त्याने विचारलं. चहाचं विचारतायत, असं मी इंग्रजीत सांगितलं. त्यातला 'टी' तेवढा अक्कांना कळला. "मागायला लागतंय होय?" म्हणत त्या आत गेल्या. आम्ही चहा घेतला.

का बोललो नाही? ऊन होतं, उशीर झाला होता, बातमी द्यायची होती – ही कारणं मी स्वतःला बराच काळ दिली. खरी गोष्ट वेगळी आहे. मी राहतो ती वसाहत तिथून जवळच. पहिल्या टप्प्यात या दोहोंपैकी एकच बसणार होती – ती गल्ली किंवा आम्ही. हे मला नंतर सुचलं का? नाही. अक्कांनी "सांगू का" विचारलं, तेव्हाच आठवलं.

नमुना चांगला निघाला. गल्लीचा बोअर चालू ठेवायचं ठरलं. ते मीच छापलं. नदीचं पाणी आमच्या वसाहतीला आलं – मी तेच पितो. पाणी पिण्याजोगं आहे म्हटल्यावर लॉरी कशाला, म्हणून गल्लीच्या रहिवासी संघाने टँकर बंद केला. मग अक्कांचा फोन आला.

"अण्णा, ते टाकीचं होतं, त्यानं काही बिघडत नाही ना? नात लहान आहे. बोअरचं देऊ का तिला?"

तेव्हा तरी? इंजिनियरचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन – तेवढंच करायचं होतं.

"उकळून द्या," मी म्हणालो.

"सरी," अक्का म्हणाल्या. बरं, या अर्थाने.

पाण्यातलं क्रोमियम उकळून जात नाही. हे वाक्य मी स्वतः बातम्यांत लिहिलेलं होतं – एकदा नव्हे.

या वर्षी फेरतपासणी झाली. नमुना थेट पंपाच्या तोंडाशी घेतला. क्रोमियम मर्यादेबाहेर निघालं. गल्लीने बैठक बोलावली. पहिल्यांदा पाणी चांगलं आलंच कसं, असं लोक विचारत होते. अक्का उभ्या राहिल्या, नात कडेवर. कन्नडमध्ये म्हणाल्या, टाकीचं पाणी मी दिलं, चूक माझी. "आमच्या पोरांना काय पाजलंस, अक्का?" मागून एक बाई ओरडली. अक्कांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पुढच्या रांगेत बसून लिहून घेत होतो. हात वर केला असता तर? केला नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. पहिला नमुना चुकीचा होता. एका रहिवासी महिलेने टाकीतलं पाणी दिल्याचं मान्य केलं, असं तीत होतं. बातमी माझ्या नावाने छापली गेली.