मास्तर, आपा आणि माझी एक चादर

इंटर्नशिपला गेले होते सर्टिफिकेट आणायला, घेऊन आले किस्से! आता मैंदर्गीला घरी गेले की आई ताट वाढायच्या आधी विचारते, "काय गं, मास्तर काय म्हणाले?" एक सांगितला की त्याला धरून दुसरा येतो. भाजी गार होते, किस्से संपत नाहीत.

तर मी टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजचा नियम असा की एक डिझाइन खरंखुरं मागावर विणून घ्यायचं आणि ती चादर परीक्षकांच्या ज्युरीपुढं ठेवायची. प्रिंटआउट चालत नाही. चादर नाही तर वर्ष गेलं! म्हणून मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात, डिझाइन खात्यात चिकटले. तिथं माणसं दोनच. ग्राफ पेपरवर चौकोन रंगवण्यात जन्म घालवलेले व्यंकटेश मास्तर, आणि रंगांचं बघणाऱ्या रुक्सानाआपा. मास्तर हो म्हणाले तरच डिझाइन मागावर चढणार.

* * *

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडून झकास प्रेझेंटेशन दिलं. मूडबोर्ड, इन्स्पिरेशन, युजर जर्नी, सगळं! मास्तरांनी चहा पीत शांतपणे बघितलं.

"लई छान हाय की," ते म्हणाले. "आता ह्यात चादर कुटं हाय, ती दाव."

चादर शेवटच्या स्लाइडवर होती. अंगठ्याएवढी.

* * *

मग मी उगवता सूर्य काढला. निळ्या आभाळात पिवळाधम्मक सूर्य. मला स्वतःला तो इतका आवडला की घरी वडिलांना फोटोसुद्धा पाठवला.

मास्तर म्हणाले, "उलटी करून बघितलीस का?"

आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरतात आणि मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते, हे मला माहीत होतं हो! पुस्तकात वाचलं होतं, पेपरात लिहून मार्कसुद्धा मिळवले होते. मास्तरांनी पेन्सिलीनं कोपऱ्यात मागची बाजू काढून दाखवली. पिवळ्या आभाळात निळाकाळा सूर्य!

"एका अंगाला सकाळ," मास्तर म्हणाले, "दुसऱ्या अंगाला ग्रहण. गरोदर बाईला कोण देईल ही चादर?"

त्या दिवसापासून मी डिझाइन कागदाच्या दोन्ही बाजूंना काढायला लागले.

* * *

रंगांचं तर विचारूच नका. मी बेज, ऑफ व्हाइट, फिका हिरवा असे इंटरनेटवरचे सभ्य रंग निवडून नेले. आपांनी चष्मा वर केला.

"नक्को गे बेटा! बिकने के पहलेच पुरानी दिखती ये!"

मला राग आला. डबासुद्धा एकटीनं खाल्ला. दुपारी आपांनी मला दंडाला धरून दारात उन्हात नेलं आणि सुताचे कोन, म्हणजे रंगीत सुताची मोठाली रिळं, शेजारी शेजारी मांडायला लावले. लाल एकटा होता तेव्हा भडक वाटत होता, राखाडीशेजारी ठेवला तर शहाण्यासारखा बसला. तासभर आम्ही कोन हलवत होतो. माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही.

* * *

एकदा मोडनिंबचे एक व्यापारी आले. त्यांना चादरीवर मोर पाहिजे होता. मग हत्तीही. मग कमळ, आणि चारी बाजूंनी वेल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनी माझ्या पायावर पाय दिला. दोन दिवस खपून त्यांनी सगळं काढलं. मोर, हत्ती, कमळ, वेल, काही सोडलं नाही. व्यापाऱ्यांनी कागद बघितला, डोकं खाजवलं.

"हत्ती काढा की जरा," ते म्हणाले. मग कमळ निघालं, मग मोर, मग वेलही. शेवटी साध्या चौकटीची ऑर्डर देऊन ते खूश होऊन गेले!

"तुमाला आधीच माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय. पण त्यांना न्हवतं की."

* * *

आता माझी चादर. सूर्य गेला, त्यानंतरची दोन डिझाइनंही गेली. चौथ्यांदा मी आमच्या रानातल्या ज्वारीची कणसं काढली, दोन्ही बाजूंनी तपासून. मास्तरांनी कागद बराच वेळ धरला आणि कोपऱ्यात लिहिलं, "चढवा." मी तिथंच रडले. आपाही रडल्या, उगीचच!

पहिली चादर मागावरून उतरली ती नेमकी ज्युरीच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. तीन वाजता माझा नंबर. मी पिशवी उघडून उभी, तर मास्तरांनी चादर उचलली, कटिंगच्या टेबलावर आडवे झाले आणि अंगावर ओढून घेतली.

"आपा, हे काय?"

"पैली चादर वो ओढतेच. नींद आई तो डिझाइन पास. नइ आई तो कपाट में बंद."

एप्रिलचा महिना, पंखा गरम हवा फेकतोय, आणि मास्तर चादरीत! मास्तर या कुशीवरून त्या कुशीवर. माझा जीव टांगणीला. आणि मग लागले घोरायला! मला नाचावंसं वाटलं. मग घड्याळ बघितलं. अडीच.

मी चादरीच्या टोकाला हात लावला तर आपांनी माझं मनगट धरलं. "उठाई तो देख!"

स्कूटी काढली, रिकामी पिशवी घेऊन कॉलेज गाठलं. बाहेरून आलेले परीक्षक सोलापूरचेच, पिकल्या केसांचे, चादरींच्या धंद्यात आयुष्य गेलेले.

"चादर कुठाय?"

"सर, झालीय. पण व्यंकटेश मास्तर ती पांघरून झोपलेत."

आमच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. सरांनी मात्र चष्मा काढला, पुढं वाकले आणि हळूच विचारलं, "घोरत होते?"

"हो सर. लई!"

सरांनी पेन उचललं, मार्क लिहिले आणि दाराकडं बघून म्हणाले, "नेक्स्ट!"